गोवंडीचं दुकान, चेंबूरचा पत्ता

आप्पा, तुम्ही गेल्यावर मी तुमच्याशी बोलायचं सोडून दिलं होतं. आई अजून सकाळी चहा ठेवताना तुमच्याशी भांडते, मी नाही. आज लिहायला बसलेय, कारण मला एक पत्ता ठरवायचा होता, तो मी ठरवून मोकळीही झाले, आणि तेव्हापासून तुम्ही डोक्यातून हलत नाही.

तुमच्या वेळेला इंटरनेट आपल्या घरापर्यंत पोचलं नव्हतं, म्हणून आधी तेवढं सांगते. माझं आता दुकान आहे. आजारी माणसाला घरी जे जे लागतं ते मी भाड्याने देते: वरखाली होणारी खाट, व्हीलचेअर, वॉकर, ऑक्सिजनचे सिलिंडर. दुकान गोवंडीतच, आपल्या गल्लीपासून जवळ, कारण भाडं इथलंच परवडतं. पूर्वी गिऱ्हाईक औषधाच्या दुकानांतून कळून यायचं. आता घरातलं माणूस धापा टाकायला लागलं की लोक पहिल्यांदा मोबाईल काढतात. ऑक्सिजन भाड्याने पाहिजे असं टाकतात, पुढे आपल्या भागाचं नाव टाकतात, आणि जे दुकान सगळ्यात वर दिसेल त्याला फोन लावतात. खाली कोण कोण आहे हे बघायला अशा वेळी कुणाला सवड असते? मी कुठेच दिसत नव्हते. धंदा बसत चालला होता. म्हणून वेबसाइट करायचं ठरलं, आणि वेबसाइटला आधी नाव लागतं. ते नाव म्हणजेच तिचा पत्ता.

हे काम करणारा शाळेत माझ्या वर्गात होता. आता मुलुंडला असतो. दुकानात आला, खुर्ची ओढून बसला आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, "अगं, तू इथे राहायचीस? मला तर वाटायचं तू चेंबूरची." मी म्हटलं, "सगळ्यांनाच वाटायचं." मग त्याने समजावलं. नाव लहान पाहिजे, लिहायला सोपं पाहिजे, काय मिळतं ते त्यात यायला पाहिजे आणि कुठे मिळतं तेही. "नुसत्या नावाने तू वर येशील असं नाही हां, बाकीचं पण करावं लागतं. पण नावात आपला एरिया दिसला ना, की माणूस तिथेच बोट लावतो." मी विचारलं, मग एरिया कुठला टाकायचा? तो हसला. "हे काय विचारणं झालं? चेंबूर टाक. गोवंडी टाकलंस तर वाट लागली समज. चेंबूर, घाटकोपरची लोकं गोवंडीतनं आणलेला मास्क तोंडाला लावतील का, सांग ना यार."

तो हिणवून बोलला असता तर बरं झालं असतं, पण तो अगदी सहज बोलला. मला राग आला नाही. मला तुमची पॅकिंग खात्यातली खाकी पँट आठवली.

मुलुंडच्या त्या कारखान्यात तुम्ही लाकडी खोक्यांवर पत्ते छापायचात. पत्र्यात कापलेली अक्षरं खोक्यावर धरायची आणि वरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा. एकदा मला घेऊन गेला होतात, तेव्हा एका खोक्यावर गावाचं नाव पुसट उमटलं म्हणून सगळं खरवडून पुन्हा केलंत. मी कंटाळून म्हटलं, वाचता तर येतंय की. तुम्ही म्हणालात, "पत्ता चुकला की माल मेला." घरी येताना पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यातून माझं नाव कापून आणलंत, दप्तरावर छापायला. मी रात्रभर उशाखाली ठेवलं. सकाळी पाहिलं तर माझ्या नावाखाली बारीक अक्षरांत चेंबूर कापलेलं होतं.

मी तेव्हा विचारलं होतं. तुम्ही दाढी करत होतात. "आपण गोवंडीला राहतो ना?" तुम्ही वस्तरा थांबवलात. "कुणी विचारलं तर चेंबूर सांगायचं. गोवंडी म्हणालीस तर याद राख." त्याआधी तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. पुढे कधीतरी आईनेच सांगितलं की कारखान्यात एकाने तुम्ही जेवायला बसलात की नाकाला रुमाल लावायचा, गोवंडीच्या कचऱ्याच्या डोंगराचा वास आला म्हणायचा, आणि बाकीचे हसायचे. गंमत म्हणून. आणि गोवंडी म्हटलं की लोकांचा पुढचा प्रश्न आडनावाचा असतो, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. ते मी माझं मीच शिकले.

मग तो रविवार. आई स्टोव्हवर सुकट परततेय, घरभर वास आहे, मी बारावीची पुस्तकं घेऊन दारात बसलेय. तुम्ही कपाटाला टेकून बसलाय आणि तुमचा सदरा घामाने छातीला चिकटलाय. आई आधी ओरडते, जेवायच्या आधी कशाला पडून राहिलात म्हणून. मग तिला दिसतं. ती फोन लावते, ॲम्ब्युलन्स मागते, पलीकडचा पत्ता विचारतो आणि ती ततपप करायला लागते. तेव्हा तुम्ही हात पुढे केलात. फोन घेतलात आणि अगदी स्वच्छ आवाजात, साहेबाशी बोलावं तसं म्हणालात, "चेंबूर." पुढे गल्ली सांगितलीत, खोली सांगितलीत. सगळं बरोबर, फक्त गाव दुसरं.

गाडी चेंबूरला फिरत राहिली. ड्रायव्हरचा फोन आला, "अहो, ही गल्ली नाहीच इथे." आईने फोन दोन्ही हातांनी धरून सांगितलं, गोवंडी, गोवंडी. तो म्हणाला, "मग आधी सांगायचं ना, ताई." हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, जरा लवकर आणायला पाहिजे होतं. ते सगळ्यांनाच तसं म्हणत असतील. मी स्वतःची अशी समजूत घालते, पण ती पटत नाही. मला तुमचा फार राग आला होता, आप्पा. दुसऱ्यांच्या खोक्यांसाठी एवढं जपणारा माणूस स्वतःच्या जिवाला खोटा पत्ता देतो, याचा राग. अजून आहे.

आणि तरी मी चेंबूरच टाकलं.

नाव लागलं. महिनाभरात फोन यायला लागले, चेंबूरचे, घाटकोपरचे, एक तर थेट मुलुंडचा. माल पोचवणाऱ्याला मी बजावून ठेवलंय, कुठून आलास विचारलं तर गोडाऊनमधून म्हण. आईला वेबसाइट दाखवली तेव्हा तिने फोन हातात धरून नाव वाचलं आणि भाकऱ्या थापायला गेली.

मागच्या महिन्यात दुपारी एक बाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. मागच्या गल्लीत सून म्हणून आलेली, फार दिवस झाले नव्हते. ती सिलिंडरांकडे बघत राहिली. म्हणाली, "ताई, हे भाड्याने मिळतात? इथे?" मी हो म्हटलं. कुणाला हवाय विचारलं. ती म्हणाली, "आता नकोय." सासऱ्यांना दम लागला तेव्हा तिनेच मोबाईलवर गोवंडी टाकून शोधलं होतं. जवळचं कुणी दिसलं नाही, मुलुंडहून मागवला. तो येईपर्यंत सगळं आटपलं होतं. "तुम्ही दिसला नाहीत," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. तिच्या घरापासून दुकानापर्यंत सिलिंडर हातगाडीवर ढकलत नेता आला असता. मी तिला पाणी दिलं. माझी वेबसाइट आहे, हे सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी मी मुलुंडच्या त्या वर्गमित्राला फोन केला. म्हटलं, गोवंडीचं नावही घे. तो म्हणाला, "घेतो. पण नुसतं घेऊन काय उपयोग नाही. ते टाकलं की तुझी चेंबूरवालीच उघडेल. गोवंडीच्या लोकांना सर्चमध्ये दिसायचं असेल तर वेगळी साइट कर, खरा पत्ता टाक. मात्र चेंबूरवाले पण बघतील हां ती. बोल, करू?" मी म्हटलं, तूर्तास नुसतं घेऊन ठेव. त्यानंतर त्याने दोनदा विचारलं. मी बघू म्हटलं.

तर आप्पा, आता गोवंडी टाकलं तरी माणूस गुपचूप चेंबूरला जाऊन पोचतो. तुम्ही केलं होतंत तसंच. त्या बाईच्या गल्लीत अजून किती म्हातारे आहेत, मला माहीत आहे. मी रोज त्यांच्या दारावरून जाते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. घडी करून तुमच्या फोटोमागे ठेवणार होते. घडी घालताना लक्ष गेलं, शाळेत शिकवलं होतं तसं वरच्या उजव्या कोपऱ्यात मी सवयीने ठिकाण लिहिलंय. चेंबूर. तुम्हाला लिहितानासुद्धा. पेन हातात आहे, अजून खोडलेलं नाही.