बिनब्रेकची सायकल, चार दिवसांत

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी ७.

निर्णय झाला. फिक्सी बनवायची. फिक्सी म्हणजे फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारी दातेरी चकती) नसलेली सायकल. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार. पाय थांबवले की सायकल थांबते, म्हणून ब्रेकची गरजच नाही. तीन आठवड्यांत चाळीस व्हिडिओ बघितलेत. तयार घ्यायला गेलं तर पंचवीस-तीस हजार. आपण अडीच हजारात करणार. दर रविवारी मुंबईचे सायकलवाले हायवेने कसाऱ्याकडे जातात, दोन-दोन लाखांच्या सायकली. माझी बघून थांबणारच. ऑर्डर देणारच. मग शहापुरात दुकान.

गोदामातली नोकरी सुटून सहा महिने झाले. मी सोडली. काढलं नाही. हे एकदा लिहून ठेवलेलं बरं.

त्याच दिवशी, दुपारी.

कच्च्या मालाचा प्रश्न. घरात एकच सायकल, संजीवनीची. बायको आशा सेविकेचं काम करते. तीन पाडे, औषधं, गरोदर बायांची वजनं, सगळं त्या लेडीज सायकलवर. फ्रेम मजबूत आहे. बास्केट वगैरे काढलं तर आत चांगली रेसिंग सायकल दडलेली आहे. बघणारा डोळा लागतो.

१५ सप्टेंबर, सोमवार.

विचारलं. म्हणाली, मंग मी कशावर जाव? म्हटलं, फक्त चार दिवस.  तिने खांद्याला पिशवी लावली आणि चालत गेली. म्हणजे हो.

१६ सप्टेंबर.

बास्केट, कॅरिअर, मडगार्ड, स्टँड, चेनकव्हर, घंटी, दोन्ही ब्रेक काढले. वजन निम्मं. मागच्या चाकाचा एक नट निघेना. हातोडीने काढला. तो आता कुठेच बसत नाही. नट काय, कुठेही मिळतो.

२० सप्टेंबर, शनिवार.

मागचं चाक घेऊन शहापूरला अनंतामामाकडे. मामांचं सायकलचं दुकान मी शाळेत होतो तेव्हापासूनचं. म्हटलं, फ्रीव्हील वेल्डिंग करून जाम करायचाय. मामांनी चाक फिरवून बघितलं, कान लावून ऐकलं. म्हणाले, चांगला चाललाय की, काय बिघडलाय? म्हटलं, काही नाही. म्हणाले, मंग? म्हटलं, तोच तर प्रॉब्लेम आहे. चाक माझ्या हातात परत दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पंक्चर काढायला बसले.

शेवटी शेजारच्या ग्रीलवाल्याने वेल्डिंग मारलं. त्याने एक प्रश्न विचारला नाही. माणूस असा पाहिजे. निघताना मामा मागून ओरडले, जगदीश, उलटा जोर लावशील तर आख्खा फ्रीव्हील आटे सोडून बाहेर येल रे. जुनी पिढी.

२७ सप्टेंबर.

चार दिवसांचे अकरा झाले. हे माझ्यामुळे नाही, नटामुळे. पूर्ण आसनगाव-शहापूर पालथं घातलं, त्या मापाचा मिळत नाही.

फिक्सीला मॅट ब्लॅक रंगच शोभतो. तो डबा परवडेना. डोकं चालवलं. शाळेच्या फळ्याचा काळा रंग, तोही मॅटच. शंभर रुपयांत काम. एकदम परदेशी दिसते. दुपारी बघितलं तर कोणीतरी तिच्यावर खडूने सातचा पाढा लिहिलेला. सात सक पंचेचाळीस. तोही चुकीचा.

संजीवनी सातला आली. पायाला खोबरेल चोळत बसली. चालणं तब्येतीला चांगलं असतं, असं म्हणणार होतो. नाही म्हटलं. तेवढी अक्कल आहे मला.

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी १०.

नट मिळाला! (बैलगाडीचा आहे. तासून बसवला.)

ट्रायल घेतली. सपाटीवर, घर ते हिराबाईचं खळं. पायडल थांबत नाहीत. डोक्याला माहीत असतं, पायांना माहीत नसतं. खळ्यापाशी सवयीने पाय थांबवले, तर सायकलने मला वर उचललं आणि पेंढ्यात ठेवलं. हिराबाई म्हणाली, काय रे, उतरायचा हाय का फेकायचा हाय? फीडबॅक म्हणून लिहून ठेवतो.

हातात धरून चढ चढवली तरी पायडल फिरतच राहतात. उजवी नडगी पाच ठिकाणी सोलली. नवीन टेक्नॉलॉजीची सवय व्हायला वेळ लागतो.

बोललो त्याप्रमाणे सायकल संजीवनीला परत दिली. तिने दोन पावलं चालवली, उतरली, भिंतीला टेकवली. चालत गेली. स्टँड नसल्याने सायकल पडली.

११ ऑक्टोबर, शनिवार.

बुधवारी पाड्यावर लसीकरण. संजीवनी आठवडाभर दारोदार फिरते आहे. भातकापणीचे दिवस, बाया पहाटेच शेतावर. एकेकीला समजावलं, तेव्हा चौदा जणी तयार झाल्या. नऊ ते अकरा अंगणवाडीत पोरं घेऊन बसणार. अकरा वाजले की शेतावर. त्यापुढे मिनिटभर नाही, असं सगळ्यांनी बजावलंय. दोघींची पोरं गेल्या खेपेलाही लसीवाचून राहिली होती. संजीवनी रात्री झोपेत पण नावं मोजत होती.

१४ ऑक्टोबर. संध्याकाळी.

लसीचा डबा वरच्या उपकेंद्रातून मोटारसायकलवर आणणारा माणूस तापाने पडला. नर्सबाई परस्पर दुसऱ्या बाजूने येणार. संजीवनी म्हणाली, मी सहाला निघते, चालत आणते. म्हटलं, अगं कशाला, मी आहे ना! जाताना चढ आहे, पण येताना पूर्ण उतार. फिक्सीवर वीस मिनिटं. ती म्हणाली, नको. मी म्हटलं, एकदा तरी विश्वास ठेव. तिने बराच वेळ भाकरी थापल्या. मग म्हणाली, नवाच्या आत. डबा आपटवू नका.

इतकं महत्त्वाचं काम मला कोणी दिलं नव्हतं. गोदामात पण नाही. छाती भरून आली, खोटं कशाला लिहू.

१५ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी ३.

हात दुखतोय. लिहितो तरी.

सहाला निघालो. चढ ढकलत गेलो, नडग्या सोलत. साडेआठला डबा घेतला, पट्टा खांद्यात अडकवला, निघालो. पहिली पाच मिनिटं भारी गेली. ती कोणी बघितली नाहीत.

मग उतार लागला. पायडल जोरात फिरायला लागले. पायडल मला फिरवत होते, मी त्यांना नाही. पाय उचलावेत तर नडगीवर बसतात, ठेवावेत तर गुडघे कानाशी येतात. व्हिडिओत सांगतात, घाबरू नका, उलटा जोर लावा. लावला. मागे खटाक झालं. फ्रीव्हील आटे सोडून बाहेर. चेन लोंबली. पायडल एकदम मोकळे, लोण्यासारखे. आणि मग आठवलं की ब्रेक नाहीत.

मी ओरडत होतो, पण कोणाला ओरडत होतो ते माहीत नाही. वळणावर रस्ता वळला, मी नाही. कोणाच्या तरी कापलेल्या भाताच्या पेंढ्यांत जाऊन पडलो. डबा छातीशी धरलेला. आपटू दिला नाही. हे खरं आहे.

उठता येईना. घोटा सुजला. फोनला रेंज नाही. सगळे शेतात, पण वरच्या शेतात. हाका मारल्या. गाय आली.

डबा मांडीवर घेऊन बसलो. घड्याळात नऊ. साडेनऊ. दहा. खाली पाड्यावर अंगणवाडीचं छप्पर दिसत होतं. तिथे चौदा बाया बसल्यात, हे मला दिसत नव्हतं, पण माहीत होतं. मी रडलो. वाराही होता डोळ्यांत, पण रडलो.

साडेदहाला संजीवनी दिसली, खालून चढ धावत येताना. मला वाटलं, माझ्यासाठी. जवळ आली, डबा घेतला, झाकण बघितलं. घोट्याकडे बघितलं. म्हणाली, मोडला नाय, बसा. आणि डबा खांद्याला लावून परत धावत गेली.

१६ ऑक्टोबर.

ती पोहोचली तेव्हा सव्वाअकरा. तीन बाया थांबल्या होत्या, त्यांच्या पोरांना लस मिळाली. अकरा जणी शेतावर गेल्या. गेल्या वेळी राहिलेल्या दोघी त्यांतच. नर्सबाईंना पुढच्या गावाला जायचं होतं, त्या गेल्या. डबाही गेला.

आता पुढच्या महिन्यात. संजीवनी काही बोलली नाही. बोलली असती तर उत्तर तयार होतं. नटाबद्दल.

२ नोव्हेंबर, रविवार.

घोटा बरा. हायवेला जाऊन उभा राहिलो, सायकल घेऊन. मुंबईवाले आले. एकजण थांबला! म्हणाला, भैया, हवा भरने का पंप है क्या? मार्केट अजून तयार नाही.

३ नोव्हेंबर.

संजीवनीने भाऊबीजेच्या पैशांतून जुनी सायकल घेतली. निळी. कॅरिअर, घंटी, दोन्ही ब्रेक. अनंतामामांकडून. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर चांगली निवडून दिली असती.

६ नोव्हेंबर.

त्या अकरा घरी पुन्हा जाते आहे रोज. त्या दोघी दारातूनच म्हणाल्या म्हणे, तू ये गो, बस, चा घे, पन आमी आता काय येत नाय. हे मला हिराबाईने सांगितलं. संजीवनी मला सांगत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.

नवीन सायकलला साखळी आणि कुलूप. हसूच आलं. आमच्या पाड्यात घराला कुलूप नाही, कणगीला नाही, देवळाला नाही. चोर इथवर येऊन नेणार काय? काळजी करते बिचारी. नवी वस्तू आहे.

सकाळी हिराबाईची सून आली, दळण न्यायचं होतं. संजीवनीने पदराला बांधलेली चावी काढून दिली. मग वरच्या आळीतला कमळू आला, त्याला स्टेशनवर जायचं होतं. त्यालाही दिली. त्याला तर धड चालवताही येत नाही.

सायकल परत आल्यावर मी सहज चावी मागितली. चालवायला नाही. म्हटलं, जरा टायरमधली हवा बघतो.

संजीवनीने पदराची गाठ घट्ट केली. म्हणाली, हवा हाय.