दोनदा टाकलेला युरिया

मंगळवार, दिवेलागण

सुनंदे, सांगते तसंच लिही, तुझं शहाणपण मधी नको.

बाजरी पुरुषभर वाढली आन् वाऱ्यानं आडवी झाली. कणीस चेपून बघितलं, आत दाणाच न्हाई. तुझ्या नवऱ्याशी, माझ्याच लेकाशी, माझा अबोला. त्यानं युरिया टाकलेला मला कुणी सांगितलं न्हाई, मी परत टाकला, दुप्पट खतानं नुसता पाला माजला. आता अंडी घालणाऱ्या लाव्यांना काय चारू? तूच म्हणालीस, दाणा न्हाई म्हणून उद्या शिक्रापूरचा हॉटेलवाला साऱ्या पाखरांना कापायला नेणार. माझा हात ओळखतात गं ती!

त्याला विकतची बाजरी आण म्हणायला आधी तोंड उघडावं लागंल. कणीस अजून हातातच हाय. माझ्या नाकासारखं, नुसतं वर, आत पोकळ.

वही मीट. हाक मार त्याला. न्हाई, थांब. मीच मारते.