हजेरीबुकातला तरवड

मास्तरसाहेब, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुम्ही माझं शुद्धलेखन तपासाल ही भीती उरली नाही. म्हणून लिहायला बसले आहे. तुमची कळंबची विद्यार्थिनी आता दर आठवड्याला वर्तमानपत्रात पुढाऱ्यांची आणि नवऱ्यांची टोपी उडवते. लोक हसतात. माझ्याकडं कवितांचीही एक वही आहे, हे मात्र कुणाला ठाऊक नाही. टवाळ बाई झाडाफुलांवर लिहिते म्हटल्यावर लोक कोणत्या सुरात हसतील ते मला नीट माहीत आहे. तो सूर मीच त्यांना शिकवलाय.

कवितेची खोड तुमची. निजामाचं राज्य जाऊन चारपाच वर्षं झाली होती, शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली होती, आणि जुनी उर्दू हजेरीबुकं कपाटावर धूळ खात पडली होती. तुम्ही इंग्रजी शिकवायचात. एक दिवस पुस्तकात नसलेली एक बाई वर्गात आणलीत. अमेरिकेतली, मागच्या शतकातली कवयित्री. उतारवयात घराबाहेर पाऊल टाकायची नाही. परसातल्या मधमाश्या, पाखरं, गवत यांवर लिहायची, कधी वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवरसुद्धा. छापून जवळजवळ काहीच आलं नाही. ती गेल्यावर बहिणीला तिच्या हातानं शिवलेल्या वह्या सापडल्या. लहानपणी ती फुलं दाबून ठेवायची, म्हणून तुम्ही आम्हालाही फुलं दाबायला एकेक हजेरीबुक वाटलंत. शिपाई कुरकुरला, सरकारी कागद हाय. तुम्ही म्हणालात, ते सरकार आता मागायला येत न्हाय.

मी मात्र हुशारी केली. फूल आणलंच नाही. बर्फावर आठ ओळी लिहून आणल्या. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून वाचताय, आणि मी शाबासकीची वाट बघतेय.

"बेटी, बर्फ कुठं बघितलास? कळंबात?"

"तिनं लिवलंय की, साहेब."

"तिच्या दारात पडतो. तुझ्या दारात काय हाय?"

"तरवड. त्याला शेळीबी तोंड लावत न्हाय."

"मग तू तरी बघ त्याच्याकडं."

वर्ग हसला. मी रागानं घरी गेले आणि रागानंच बघितलं. सगळं रान वाळलेलं, आणि ते झुडूप निर्लज्जासारखं पिवळंधमक. दुसऱ्या दिवशी त्याची डहाळी हजेरीबुकात घालून नेली. तुम्ही त्या पानावर लाल शाईनं उर्दूत एक शब्द लिहिलात. काय लिवलं विचारलं, तर म्हणालात, "हाजिर."

आज ते पान पुन्हा उघडलं. फूल तपकिरी झालंय, शाई तशीच आहे. वहीतली तरवडावरची कविता मी स्वच्छ अक्षरात उतरवली, खाली टोपणनाव न घेता माझंच नाव घातलं आणि एका मासिकाच्या नावानं पाकीट बंद केलं. हसतील ते हसोत. त्या बाईला होती तशी बहीण मला नाही, वही शोधणार कोण?

खरं सांगायचं तर हे पत्र लिहीत बसले ते पाकीट टाकायला उशीर व्हावा म्हणूनच. टपालपेटी पाच वाजता उघडतात, आणि पावणेपाच झालेत. तुम्ही थांबा इथंच, हजेरीबुकात. मी पाकीट टाकून येते.