ठरावातली मुलगी

प्रिय दादा,

सोमवारी तू नगरपरिषदेत व्हिडिओ गेमवर बंदीचा ठराव मांडणार आहेस, आणि नागरिकांना बोलू देतील तेव्हा मी त्याच्या विरोधात बोलणार आहे. हे तिथे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

मसुदा दोनदा वाचला. चौकात मारामारी करणारी पोरं गेम खेळायची, म्हणून मारामारी झाली म्हणे. ती पोरं रोज दातही घासत असतील! तेवीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करते आहे. लिफ्ट अडकली की सगळे शेवटी चढलेल्या माणसावर खेकसतात, आणि वर मोटारीशी दोर महिनाभर झिजत असतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, की तुम्ही निघालात कावळ्यावर खटला भरायला.

पुढे तर कमालच. आज गेम, उद्या शाळेला दांडी, परवा चोरी, तेरवा खून. अरे, मधल्या पायऱ्या कुठे गेल्या? लहानपणी तू पत्त्यांची पानं मांडीखाली दाबायचास. त्या न्यायाने तू आज तुरुंगात हवा होतास. ‘सगळ्या पालकांना हेच वाटतं’ हा काय पुरावा झाला? मी शंका काढली तर म्हणालास, तुला मूलबाळ नाही, तुला काय कळणार. मूल नाही हे खरं. त्याने तुझा मुद्दा बरोबर कसा ठरतो, तेवढं सांग. आणि एक तर बंदी नाही तर पिढी वाया, मधे काहीच नाही? वेळ ठरवून द्यावी, घटकाभर शेजारी बसून बघावं, हे कुणाला सुचलंच नाही.

राग आला तो चौथ्या पानावर. ‘माझ्या माहितीतली एक हुशार मुलगी या खेळांपायी वर्षभरात बिघडली, नापास झाली.’ नाव घातलं नाहीस, पण कुणाला कळणार नाही? दादा, त्या वर्षी घरात फक्त गेमच आला का? त्याच वर्षी वहिनी गेली. तू तिचं कपाट बंद केलंस, तिचं नाव काढणं बंद केलंस, ताट घेऊन टीव्हीसमोर बसायला लागलास. तुझी पोर खेळायला लागली ती त्यानंतर. तिथे हेडफोनमधून कुणीतरी तिच्याशी बोलायचं तरी. चोर सोडून संन्याशाला फाशी देतो आहेस तू. मला वहिनीची फार आठवण येते रे. तुलाही येते, मला माहीत आहे.

मसुदा मला कुणी दिला, हे विचारशीलच. तुला टाइप करता येत नाही. खोलीत फेऱ्या मारत तू सांगतोस आणि लेक टाइप करते. हाही तिनेच केला. ‘बिघडली’ हा शब्द तिने स्वतःच्या हाताने लिहिला, तुझ्या दोन चुका सुधारल्या, आणि तुझ्या लक्षातही आलं नाही. काल ती कागद घेऊन माझ्याकडे आली. रडली नाही. म्हणाली, आत्या, बाबांना ठराव मांडू दे, फक्त ते वाक्य मी समोर बसलेली असताना वाचू नका म्हणावं. सोमवारी मी भांडणार ते भांडणारच. ते वाक्य मात्र आजच खोड, आणि खोडलंस हे तिला तूच जाऊन सांग.

तुझीच,
हट्टी धाकटी