शिवतेजची वस्ती

अंकिता,

शिवतेजदादाचं हॉस्टेलवरचं सामान आणायला मी सांगलीला चाललोय. आईचा आत्ताच डोळा लागलाय, उठवू नको.

त्याचा गेम कॉम्प्युटरवर चालूच ठेवलाय. तो गेल्यापासनं त्यातली वस्ती मीच सांभाळतोय. तिथली यंत्रं लय तापतात आणि घाण पाणी सोडतात. त्या पाण्याची टाकी भरत आली की उपसून टाक. यंत्रांवरनं गार पाणी फिरतंय का तेवढं बघ, न्हाईतर आतली माणसं उष्म्यानं मरतात. त्यातल्या एकाला त्यानं स्वतःचं नाव दिलंय. तो रोज कामाला जातो, जेवतो, झोपतो.

"आप्पा, पॉज करून जायचं की," असं तू म्हणशील. पण त्याला तसा थांबलेला मला बघवत न्हाई.

— आप्पा