शांत मजला

रविवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल. मी मजेत. नवी खोली हवेशीर आहे. रविवारी दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही, एवढंच.

हॉस्पिटलमधलं माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. सगळ्या मजल्यांचे संगणक, कॅमेरे, पेशंटच्या बेल एकाच नेटवर्कवर चालतात. कुठे किती गर्दी आहे हे मधला संगणक प्रत्येक मजल्याला सतत विचारत राहिला, तर त्या विचारण्याचीच गर्दी होते. महागडी यंत्रं साहेबांना नको होती. म्हणून मी स्वस्तातली युक्ती काढली: गडबडीच्या मजल्यांना दर दोन सेकंदांनी विचारायचं, शांत मजल्यांना तासातून एकदा. साहेबांनी पाठ थोपटली.

जुन्या इमारतीचा तिसरा मजला शांत होता. नोव्हेंबरात तिथला एक कॅमेरा बिघडला आणि त्याने लाइन तुंबवली. चाळीस मिनिटं बेल खाली नर्सपर्यंत पोचल्याच नाहीत, आणि मला पत्ता नाही. एक म्हातारे मास्तर शेवटी स्वतःच उठले आणि पडले. खुबा मोडला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "तिथली केबल कुणी टाकली होती?"

भावोजींनी. आदल्याच आठवड्यात.

भावोजी माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, सांग ना, केबल तूच तपासलीस."

तपासली होती, ताई. चोख होती. मी खाली बघत राहिले. तुझ्या नवऱ्याची नोकरी गेली, आणि मी तुला फोनवर म्हणाले, "माझ्या हातात काही नव्हतं."

त्यानंतर तू फोन उचलला नाहीस. बरोबरच केलंस.

गेल्या सोमवारी मास्तरांना भेटायला गेले. म्हणाले, "बेल दाबत होतो. वाटलं, पोरी कामात असतील." कुणाबद्दल तक्रार नाही. मी जिन्यात बसून रडले.

शुक्रवारी सगळ्या नोंदी घेऊन साहेबांपुढे उभी राहिले.

"मिटलेलं प्रकरण कशाला उकरताय?"

"माझ्या बहिणीच्या घरात मिटलेलं नाही, साहेब."

केबल चोख होती, चूक माझ्या युक्तीची, असं लेखी दिलं. मला घरी बसवलंय. भावोजींना परत बोलावल्याचं पत्र उद्या-परवा येईल. जायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं. हे त्यांना वाचून दाखव, माझी बाजू न घेता.

उत्तराची घाई नाही. दिलं नाहीस तरी समजेन.

तुझी म्हणवून घ्यायला धजत नसलेली,
चिमी