दसऱ्यापर्यंत एक लिंबू

॥ श्री ॥
दौंड, १७ जून २०२५

ती. साखरबाई आत्यांना अनुपमाचा शि. सा. न. वि. वि.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तुमच्याशी फोनवर बोलायचं तर इतकं ओरडावं लागतं की हॉलमध्ये आबांना सगळं ऐकू जातं, आणि हे नेमकं त्यांच्या कानावर जायला नको आहे. म्हणून शाळेच्या मधल्या सुट्टीत लिहिते आहे.

तुमचे भाऊ अडून बसले आहेत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तीस वर्षं तोंडाला फडकं न बांधता फवारण्या केल्या, आता फुप्फुसं धूळ आणि औषधाचा वास सोसणार नाहीत, निमोण्याच्या बागेत पाऊल टाकायचं नाही. त्यावर सासऱ्यांनी माझ्या काय काढावं? तुम्ही बागेतल्या झाडाची गुटी बांधून जे लिंबाचं रोप कुंडीत दिलं होतं, त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले की दसऱ्यापर्यंत ह्याला घरात एक लिंबू धरलं तर मी इथं राहतो, नाहीतर माझं सीमोल्लंघन थेट निमोण्याला. चार भिंतींत झाड फळत नाही तिथं माणसानं काय करायचं, म्हणे. चांगदेवनं मुलगा म्हणून समजावलं, मी सून म्हणून समजावलं. भिंतीशी बोललेलं परवडलं!

मग काय, लागले कामाला. गांडूळखत घातलं. केळीच्या साली भिजवलेलं पाणी, तांदळाचं धुवण, ताक-गूळ, चहाचा चोथा, सगळं झालं. शेंगपेंड भिजत घातली, तर तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाई गटार तुंबलं की काय विचारायला नाकाला पदर लावून आल्या. आणि झाड? पानंच पानं! काळीभोर, तळहाताएवढी. फुलाचं नाव नाही. मला तर आता त्या कुंडीकडे बघितलं तरी चीड येते. अजून काय घालायचं राहिलंय तेवढं कळवा.

लोभ असू द्यावा, आणि उत्तर शाळेच्या पत्त्यावर धाडावं.
आपली,
अनुपमा


निमोणे, २२ जून

चि. सौ. अनुपमा हीस साखरबाईचा अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले आन् मग कपाळावर हात मारला. मास्तरीण ना गं तू? कुंडीला खत घालतीस का धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवू घालतीस? माजलंय ते झाड. पोट भरलेल्याला फूल कशाला सुचंल?

लिंबाला बहार धरायचा तर ताण द्यावा लागतो. आम्ही बागंचं पाणी तोडतो, पानं मलूल पडूस्तवर. झाडाला वाटतं आता आपलं काय खरं न्हाई, मग ते फुलावर येतं. तू बी खत बंद कर, पाणी तोड. पानं लोंबली की वाटीभर दे, जीव जाईल एवढं तानवू नको. पंधरा दिसांनी माती उकरून दोन मुठी कुजलेलं शेणखत आन् चिमूटभर चुलीची राख घाल, मग पोटभर पाणी. राख चांगदेवजवळ देते, त्यो शनवारी यायचा हाय.

बाळासो लहानपणापासून असाच हाय. भाकरीवर साय दिली न्हाई म्हणून रुसून मांडवगणला मामाकडं चालत गेला व्हता. पण आता त्याला हिकडं येऊ देऊ नको, बाई. मागच्या माघात खोकता खोकता बांधावर बसला तवा ओठ निळं पडलं व्हतं. मी एकटी रस्त्यापत्तुर हाका मारत पळाले. पुन्यांदा ते बघायची ताकद न्हाई माझ्यात.

माया हाय तशी ठेव, पण कुंडीत वतू नको.
तुझी आत्या,
साखरबाई


दौंड, १३ जुलै

ती. आत्यांना अनुपमाचा शि. सा. न.

ताण कसला देता! मी खत बंद केलं, पाणी तोडलं, आणि तरी कुंडीतली माती रोज ओली. आठ दिवस चांगदेववर संशय घेतला, त्याच्याशी भांडले. काल शाळा लवकर सुटली म्हणून घरी आले, तर आबा आपल्या वाटीतली पेज कुंडीत ओतत होते! खाली बघते तर सोफ्यामागे गांडूळखताची पिशवी, मी कचऱ्यात टाकली म्हणून समजत होते ती.

विचारलं तर म्हणाले की घरातला जीव उपाशी ठेवून मला घास गिळत नाही. मी आवाज चढवला, चढवायला नको होता. तर त्यांनी ताट सरकवून दिलं. झाडाला नाही तर मलाही नाही. रात्रीच्या गोळ्यासुद्धा घेतल्या नाहीत. शेवटी मीच तांब्याभर पाणी कुंडीत ओतलं, तेव्हा जेवले. आत्या, मी पाचवीची बेचाळीस पोरं सांभाळते, पण हा एक म्हातारा मला आवरत नाही. लहान तोंडी मोठा घास घेतला, माफ करा.

कृपा असावी, जमल्यास थोडी सहनशक्तीही पाठवावी.
आपली,
अनुपमा


निमोणे, २० जुलै

चि. सौ. अनुपमास अ. आ.

लईच भोळी हाईस गं. ज्या माणसानं तीस वर्षं चाळीस झाडांना ताण दिला, त्याला झाडाची दया येती व्हय? उन्हाळ्यात बागंत कुणी बादलीभर पाणी वतलं तर त्यो अंगावर धावून जायचा. त्याला पक्कं ठाव हाय की खाऊ घातलं की फूल येत न्हाई. त्यो मुद्दाम घालतोय! झाड फळू नये, पैज जिंकावी, आन् दसऱ्याला पिशवी घिऊन हितं यावं. चोराच्या उलट्या बोंबा.

तू कुंडी उचल आन् तुमच्या खोलीत खिडकीजवळ ठेव. शाळेत जाताना कुलूप लाव. काय म्हणायचं ते म्हणू दे, माझं नाव सांग.

राग गिळून राहा. सगळ्यांना आशीर्वाद.
साखरबाई


दौंड, २४ ऑगस्ट

ती. आत्यांना शि. सा. न.

कुलूप लावलं. आबा चांगदेवला म्हणाले की ह्या घरात झाडाला तुरुंग आहे. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुम्ही सांगितलं तसा ताण दिला, राख घातली, शेणखत घातलं. आणि आत्या, फुलं आली! अठरा. सगळी खोली घमघमली. मी आनंदानं आबांना हात धरून दाखवायला नेलं. त्यांनी वाकून बघितलं आणि एवढंच म्हणाले की फूल म्हणजे लिंबू नव्हे.

त्यांचं खरं झालं. रोज सकाळी फरशीवर चार-पाच फुलं पडलेली. आज झाडावर सहाच आहेत. आता कुठं चुकलं? मी ह्यात अजून काय घालू, काय काढू? अर्धा तास केर काढत रडले, खोटं कशाला बोलू.

लवकर उत्तर द्यावं, ही विनंती.
अनुपमा


निमोणे, २९ ऑगस्ट

चि. सौ. अनुपमास अ. उ. आ.

आगं, बंद खिडकीत माशी कुठून यायची? आमच्या बागंत मधमाश्या घोंगावत्यात, तवा कुठं फळ धरतं. खताचा ह्यात दोष न्हाई. काडीला कापूस गुंडाळ, एका फुलातली पिवळी भुकटी लाव दुसऱ्याला, सकाळच्या पारी. हलक्या हातानं, वहीतली चूक खोडतीस तसं न्हाई.

ऱ्हायलेली सहा तरी वाचव. ह्यातलं एक धरलं तरी माझा भाऊ जगंल, एवढंच ध्यानात ठेव.

सुखात राहा.
साखरबाई


दौंड, १४ सप्टेंबर

ती. आत्यांना नमस्कार.

सहापैकी तीन धरली होती. मिरीएवढी झाली. मी कुणाला बोलले नाही, नजर लागेल म्हणून. आधी एक गळलं, मग दुसरं. तिसरं हरभऱ्याएवढं झालं होतं, ते आज सकाळी मातीवर पडलेलं सापडलं. मी ते उचलून डबीत ठेवलंय, का ते मलाही माहीत नाही.

दसरा दोन ऑक्टोबरला. आबांनी काल चांगदेवला विचारलं की शिरूरची पहिली गाडी किती वाजता सुटते. बॅग पलंगाखालून बाहेर काढून ठेवलीय. खोकला अजून आहेच. मी थकले, आत्या. चार महिने एका झाडाच्या तोंडाकडे बघत काढले, आणि त्यानं मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. बाकी क्षेम.

आपली,
अनुपमा


दौंड, २२ सप्टेंबर

ती. आत्यांना शि. सा. न. वि. वि.

आज घट बसले. घाईत आहे, दोनच ओळी. पानाआड एक लिंबू राहून गेलं होतं, ते आज दिसलं. चांगलं मोठं आहे, हिरवंगार. कुंडी परत हॉलमध्ये आणलीय. आबांनी पाहिलं. तुम्ही काळजी करू नये.

माया असावी.
अनुपमा


निमोणे, २५ सप्टेंबर

अनुपमा,

आशीर्वाद नंतर. आधी सांग, हे लिंबू कुठल्या भाजीवालीकडचं? हरभऱ्याएवढं फळ पडलं म्हणून आठ दिसापूर्वी रडत व्हतीस, आन् आज चांगलं मोठं? फूल धरल्यापासून लिंबू भरायला चार-पाच महिने जात्यात, येडे! आन् कुणाला फसवतीस? ज्यानं उभ्या आयुष्यात लिंबाशिवाय काय बघितलं न्हाई त्याला? देठाकडं त्याची एक नजर गेली की संपलं. त्यो लई मानी हाय. आपल्याला खुळ्यात काढलं म्हंजी त्यो दसऱ्यालाबी थांबायचा न्हाई, त्याच दिशी गाडीत बसंल. मग ह्या धुळीत, औषधाच्या ह्या वासात मी त्याला कुठं ठेवू?

पत्र मिळंल तसं घरी जा आन् ते काढून टाक. गळून पडलं म्हणून सांग. मी तुझ्यावर रागावले न्हाई गं. मला भ्या वाटतंय.

साखरबाई


दौंड, २९ सप्टेंबर

ती. साखरआक्कास बाळासोचा शि. सा. नमस्कार.

माझं पत्र बघून दचकू नको, बरा हाय. हे पत्र वाचून चुलीत घाल आन् सूनबाईला ह्यातलं अक्षर कळू देऊ नको.

घट बसायच्या दिशी सकाळी मला लवकर जाग आली. बघतो तर सूनबाई कुंडीपुढं वाकून लिंबू बांधती. शिलाईचा हिरवा दोरा. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा गाठ बसली तशी तिनं कुंडीला हात जोडलं. मी दाराआडनं बघत व्हतो. आक्का, ते लिंबू सालजाड, माझं झाड कागदी! देठ कात्रीनं सपाट कापलेला. शेंबडं पोर बी फसलं नसतं. पयल्यांदा डोकंच सणकलं. बॅग उचलली बी. मग तिच्याकडं बघितलं, बोटाला दोरा काचून वळ उठला व्हता, तो चोळत उभी व्हती. चार महिने मी तिला छळलं, आक्का. ताण मीच मोडला, तुला तर ठावच हाय. आजवर माझ्यासाठी कुणी एवढी लबाडी केली व्हती का? बॅग खाली ठेवली.

पाच दिसांनी ते लिंबू पिवळं पडून सुरकुतलं. सूनबाई शाळंत गेली तवा मी जिन्यानं खाली उतरलो, मधी दोनदा बसलो, आन् कोपऱ्यावरनं त्याच मापाचं हिरवं आणून तिच्याच दोऱ्यानं बांधलं. त्याच दिशी दुपारी ती शाळंतनं धापा टाकत आली आन् थेट कुंडीकडं निघाली. मी तिथंच खुर्ची टाकून बसलो व्हतो, हललोच न्हाई. म्हणालो, लिंबू झकास धरलंय, पैज हरलो, आता मी हितंच ऱ्हाणार. तिनं एकदा त्या हिरव्यागार लिंबाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आन् आत गेली. नळ लई वेळ चालू व्हता.

तवा दसऱ्याला माझी वाट बघू नको. बागंची तोडणी तूच करून घे. आन् चांगदेव येईल त्याच्याजवळ आपल्या बागंतली दहा-बारा लिंबं दे, कवळी, हिरवी, देठ लांब ठेवून तोडलेली. बाजारातली लई लवकर सुकत्यात.

पाठीवर हात असू दे.
तुझा भाऊ,
बाळासो